मांज्याचा अभ्यास करायचाय, पण पैसे कोण देणार?

पत्र: काकू, मी ३७ वर्षांची, एम.एस.डब्ल्यू. झालेली. सासर बडोद्याच्या वाडी भागात, एका शाळेत समुपदेशक आहे. दोन वर्षांपूर्वी वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, कारेलीबागेतून घरी येताना माझ्या दिरांच्या गळ्याला पतंगाची दोरी लागली. चौदा टाके पडले, पण वाचले. तेव्हापासून मी कात्रणांची फाइल करते आहे. दरवर्षी बंदीची बातमी, आणि तिच्या मागोमाग गळा कापल्याची बातमी. यावर कुणीतरी नीट अभ्यास करावा, आणि तो मी करावा, असं फार वाटतं. आमचे हे म्हणतात, "सर्व्हे करायला पैसे कोण देतं?" एक गृहस्थ भेटले, ते म्हणतात पंचवीस हजार भरा, ट्रस्ट करून देतो, दहा लाखांची ग्रँट नक्की. भरू का? परदेशी संस्था देतात का? की पीएच.डी.ला नाव घालू? कुठे कुठे पैसे मिळतात त्याची यादीच द्याल का?
– वाडीतली स्कूटरवाली

उत्तर:

तू मला काकू म्हटलंस, म्हणजे अहो-जाहोचा प्रश्न मिटला.

आधी त्या पंचवीस हजारांचं. देऊ नकोस. थोडे दिले असतील तर पावती माग, आणि पावती देताना ते गृहस्थ घुटमळले तर तुझं उत्तर तुला मिळालं. अनुदान देणारी कुठलीही सरकारी परिषद मध्यस्थाकडून अर्ज घेत नाही. अर्ज पोर्टलवर भरायचा, त्यावर संस्थाप्रमुखाची सही लागते, मग तो विषयातले लोक वाचतात. त्या सगळ्या वाटेवर "नक्की" हा शब्द कुणी उच्चारत नाही. ट्रस्ट होईलही, त्यात काही जादू नाही. पण नव्या कोऱ्या ट्रस्टच्या हातात पैसे देतो कोण? कंपन्यांच्या सीएसआरसाठी, म्हणजे सामाजिक कामाच्या पैशासाठी, करसवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, सीएसआर-१चा नंबर आणि तसल्याच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव लागतो. परदेशी पैशासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, आणि त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च केलेली हवी. तू ट्रस्ट काढलास तर अभ्यास राहील बाजूला आणि दर वर्षी ऑडिटरची फी कुठून आणू, हे शोधत बसशील.

परदेशी संस्थांचंही इथेच संपवते. २०२०च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचे पैसे एका संस्थेने दुसरीला पुढे देता येत नाहीत, आणि ते उतरतात ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. शिवाय आरोग्यावरचं संशोधन परदेशी सहकार्याने करायचं तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी. बडोद्यातल्या चार सिग्नलांवरच्या स्कूटरी मोजायला एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

आता यादी. मी एका शिक्षणसंस्थेच्या हिशेब विभागात संशोधन प्रकल्पांच्या फायली सांभाळण्यात २६ वर्षं घालवली. सँक्शन लेटर हा कागद मी शेकड्यांनी पाहिला आहे, आणि त्यातल्या एकावरही "अमुक बाईंच्या बचत खात्यात जमा करा" असं लिहिलेलं पाहिलं नाही. पैसा संस्थेच्या खात्यात येतो. केंद्राचा असेल तर पीएफएमएसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन हिशेबप्रणालीवर, त्याचा पै-पै माग राहतो. वर्षाअखेरीस जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे खर्चाचा दाखला, जातो, त्यावर प्रमुख संशोधक, हिशेबनीस, संस्थाप्रमुख सगळ्यांच्या सह्या. म्हणून "पैसे कोण देणार" हा तुझा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, "माझ्या कामावर सही कोण करणार?" तो सुटेपर्यंत मी वीस नावांची यादी दिली तरी वीसही दारांवर तुला एकच विचारतील: तुम्ही कुठल्या संस्थेतून?

आणि त्याच्याही आधी, तुला नेमकं विचारायचंय काय? "मांज्यामुळे होणाऱ्या इजांचा अभ्यास" हे शीर्षक झालं, त्यात प्रश्न कुठे आहे? तुझ्या फाइलमधली कात्रणं सांगतात की माणसं कापली जातात. ते अख्ख्या गुजरातला ठाऊक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि तसल्या कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली, पोलीस आयुक्त दर वर्षी जाहीरनामा काढतात, तेही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असं: तुझ्या दिरांच्या गळ्याला लागली ती दोरी नायलॉनची होती, की आपल्याच पोळातून, जुन्या गल्लीतून, काच पाजून आणलेली सुती? सांग बघू. नाही ना सांगता येत? जखमी माणूस दोरीचा तुकडा घेऊन दवाखान्यात येत नाही. ती तिथेच खांबाला लोंबत राहते, किंवा कुणी पोरगं गुंडाळून नेतं. बंदी चुकते आहे की बंदीच चुकीच्या दोरीवर आहे, हे त्या तुकड्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरं, सळई. डिसेंबर लागला की रस्त्याच्या कडेला गाडीवाले उभे राहतात आणि स्कूटरच्या हँडलला वाकवलेली सळई बसवून देतात. आम्ही सगळे बसवून घेतो आणि हात जोडतो. ती उपयोगी पडते का? पडत असणार, असं वाटतं. पण पुढे उभ्या असलेल्या लहान मुलाचा गळा कुठल्या उंचीवर येतो आणि सळई कुठवर जाते, हे कुणी मोजलंय? स्कूटर ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला ११ मीटर जाते. कापलेल्या पतंगाची दोरी एकीकडे झाडात अडकलेली, दुसरीकडे कुणीतरी धाब्यावरून, म्हणजे गच्चीवरून, ओढतंय, आणि मधे तू. दिसेपर्यंत ती गळ्यावरून करवतीसारखी फिरून गेलेली असते. उड्डाणपुलावर तर रस्ताच आजूबाजूच्या धाब्यांच्या उंचीवर जातो. मग इजा पुलांवर जास्त होतात का? की आपल्याला पुलांवरच्याच बातम्या वाचायला मिळतात?

बघ, हे तीन प्रश्न झाले. यातला एक घे. मी तुझ्या जागी असते तर सळईचा घेतला असता, कारण तो मोजायला ग्रँट लागत नाही. कालाघोड्याच्या सिग्नलला, लालबाग पुलाच्या उतारावर, आणखी दोन ठिकाणी, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास दोघी-दोघींनी उभं राहायचं. कागदावर चार रकाने: सळई आहे की नाही, हेल्मेट आहे की नाही, गळ्याला काही गुंडाळलंय का, पुढे मूल उभं आहे का. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा, मग १० जानेवारीला, मग १४ आणि १५ला. गाडीचा नंबर लिहायचा नाही, फोटो काढायचा नाही. खर्च किती, तर झेरॉक्स, रिक्षा आणि चहा-शेवउसळ. तुझ्या शाळेतल्या दोन सहकारी बायका, सोसायटीतली कॉलेजातली मुलं, एवढ्यावर होतं. १४ला धाबा आणि उंधियू सोडून सिग्नलवर उभं राहायला कोण तयार होईल ते मात्र मला विचारू नकोस.

या चार कागदांना अर्जात "पायलट" म्हणतात, आणि अर्ज वाचणारा ते आधी शोधतो. तू मोजायला लागली आहेस, हे त्यातून दिसतं. कात्रणांच्या फाइलने ते दिसत नाही.

दवाखान्यातल्या रजिस्टरचं वेगळं सांगते, कारण तिथे चांगले चांगले आपटलेत. एका दवाखान्याचं इजांचं रजिस्टर मी एका प्रकल्पाच्या निमित्ताने पाहिलं होतं. कारणाच्या रकान्यात एका पानावर "दोरी वागवाथी", म्हणजे दोरी लागल्याने, दुसऱ्यावर नुसतं "कट", तिसऱ्यावर "आरटीए". तो तिसरा माणूस दोरी लागून गाडीवरून पडला होता, पण लिहिणाऱ्याच्या लेखी तो रस्ता अपघात. नुसते "दोरी" शोधलेस तर हा माणूस हिशेबातून गेला. आणि धाब्यावरून पडलेलं पोर? ते उत्तरायणाचंच, पण मांज्याचं नव्हे. कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही, हे आधी कागदावर लिहून काढलंस तर पुढचे सहा महिने वाचतील. १०८च्या रुग्णवाहिका सेवेचे उत्तरायणाच्या दिवसांचे आकडे पेपरात येतातच, पण सरकारी कचेरीतून वर्षवार आणि भागवार हवे असतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. आपल्याकडे फी २० रुपये, उत्तराला ३० दिवस. म्हणजे अर्ज दिवाळीनंतर लगेच.

रजिस्टर बघायचं किंवा जखमींशी बोलायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, काम नंतर. आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचून काढ, कंटाळवाणी आहेत पण वाच. सिग्नलवर नाव-गाव न विचारता मोजणी करणं हे बहुधा सवलतीत बसेल. तरी सवलत कमिटीने द्यायची असते, आपली आपण घ्यायची नसते. कमिटी कुणाकडे असते? संस्थेकडे. आलो पुन्हा तिथेच.

तर सही कोणाची? तू एम.एस. युनिव्हर्सिटीतून एम.एस.डब्ल्यू. केलं असशील तर तुझे कुणीतरी शिक्षक अजून असतील, नसतील तर निवृत्त होऊन घरी असतील. निवृत्त झालेल्यांना कमी लेखू नकोस. आयसीएसएसआर ही सामाजिक शास्त्रांची परिषद, १९६९पासूनची, तिच्या लहान-मोठ्या प्रकल्पांना निवृत्त प्राध्यापकसुद्धा एखाद्या मान्य संस्थेमार्फत अर्ज करू शकतात. प्रमुख संशोधक ते, आणि प्रकल्पात रीसर्च असिस्टंट म्हणून महिन्याचा पगार घेणारी तू. पटतं का बघ. तुझं नाव दुसऱ्या ओळीत राहील, हे आधीच सांगते; पण पैसे घरात येतील आणि काम तुझ्या हातून होईल. बंदी का पाळली जात नाही, विकणारा कोण, घेणारा का घेतो, पोलीस कारवाई कधी होते, असा प्रश्न घेतलास तर तो आयसीएसएसआरचा.

जखम, टाके, सळई, असा घेतलास तर आयसीएमआरचा. ही संस्था १९११ची, तेव्हा नाव वेगळं होतं. तिथे प्रमुख संशोधक संस्थेत कायम नोकरीत असलेला लागतो. आणि हसू नकोस, तिथे ज्याला "स्मॉल" म्हणतात ते अनुदान दोन कोटींपर्यंतचं. एवढं तुला नको, मागूही नकोस. दहा लाखांच्या प्रश्नाला पन्नास मागणारे अर्ज पहिल्या चाळणीत पडतात. त्यापेक्षा आयसीएमआरची एसटीएस योजना बघ. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी मानधन मिळतं. मेडिकल कॉलेजात प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिनच्या, आता ज्याला कम्युनिटी मेडिसिन म्हणतात त्या विभागात जाऊन सरांना सांग: प्रश्न तयार आहे, कोणी मुलगा-मुलगी देता का रजिस्टर वाचायला? दोन महिन्यांत रजिस्टरचा प्रश्न तिथेच सुटेल. मानधन त्या विद्यार्थ्याला मिळेल, तुला नाही. तुला मिळेल ते एक मेडिकल कॉलेज, जे पुढच्या अर्जावर सही करू शकतं.

पीएच.डी.चं एका परिच्छेदात. ३७ वर्षांच्या बाईला यूजीसीच्या जेआरएफ या संशोधनवृत्तीची वयोमर्यादा गेली, बायकांना पाच वर्षांची सूट धरूनही. ती मिळत असती तर २०२३पासून महिना ३७,००० आहेत, म्हणून उगाच हळहळू नकोस. गुजरात सरकारची शोध योजना आहे: राज्यातल्या विद्यापीठात पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्याला महिना १५,००० आणि वर्षाला २०,००० वरखर्चाला, दोन वर्षं. पण पूर्णवेळ म्हणजे पूर्णवेळ, शाळेची नोकरी सोडावी लागेल. समुपदेशक म्हणून किती मिळतात ते तू लिहिलं नाहीस. त्याच्या शेजारी १५,००० लिहून बघ आणि मग घरी विषय काढ. हवेत बोललीस तर "हे" लगेच म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हतो?

बाकी दोन मोठी नावं तुझ्या कानावर येतील. एक आरोग्य-संशोधनाला पैसे देणारं इंडिया अलायन्स, आणि दुसरं २०२३च्या कायद्याने आलेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान. दोन्ही उत्तम, दोन्ही आज तुझ्यासाठी नाहीत. पुढे.

सीएसआर मात्र बडोद्याला सोडवत नाही. कंपनी कायदा २०१३चं १३५वं कलम: ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे, आणि शक्यतो आपल्या परिसरात. नंदेसरी, मकरपुरा, कोयली; आपल्या भोवताली अशा कंपन्या कमी नाहीत. अनुसूची ७ मध्ये आरोग्य आहे, आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांना विज्ञान-वैद्यकातल्या संशोधनासाठी दिलेले पैसेही बसतात. पण सीएसआरच्या माणसाला तक्ता दाखवलास तर तो घड्याळ बघतो. त्याला फोटो हवा असतो: टोप्या, बॅनर, सळया वाटणारे साहेब. मग वाटू दे की! फक्त कुठल्या दोन भागांत वाटायच्या आणि कुठल्या दोनमध्ये या वर्षी नाही, पुढच्या वर्षी, ते तू ठरव. वाटण्याआधी मोज, वाटल्यावर मोज. त्याला फोटो मिळेल, तुला तुलना मिळेल. सळया बनवणाऱ्याकडून मात्र एक रुपया घेऊ नकोस. निष्कर्ष "सळई उपयोगी" असा निघाला तर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि "निरुपयोगी" निघाला तर तो छापू देणार नाही.

पैशाबरोबर अट येते, आणि ती अर्ज करतानाच वाचायची. आपल्या गावाला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार करून. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना १९१७मध्ये इथे रुजू व्हावं लागलं, आणि या शहरात त्यांना राहायला जागासुद्धा मिळाली नाही. असो, तो विषय मोठा आहे.

मी सांगतेय ती अट फार किरकोळ, तरी तीच गळ्याशी येते: हेड, म्हणजे खर्चाचं खातं, आणि तारीख. एका प्रकल्पाचा पहिला हप्ता आमच्याकडे आला तो २३ मार्चला. ३१च्या आत खर्च दाखवायचा, नाहीतर शिल्लक परत आणि पुढचा हप्ता अडकला. सर माझ्या टेबलापुढे खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, आठ दिवसांत सहाशे घरं कशी फिरू, तुम्हीच सांगा. प्रवासाच्या हेडला पैसे पडून होते, सर्व्हे करणाऱ्या मुलांच्या मानधनाच्या हेडला कमी होते, आणि इकडचे तिकडे करायला दिल्लीची लेखी परवानगी. ती आली जूनमध्ये. तोवर मुलं दुसरीकडे कामाला लागली होती. तुझ्या अर्जात तर तारीखच सगळं आहे, कारण उत्तरायण कुणासाठी थांबत नाही. पैसे फेब्रुवारीत आले तर तू अकरा महिने बसून राहशील. म्हणून वेळापत्रकात दोन उत्तरायणं धर: पहिलं शिकायला, दुसरं मोजायला. आणि मानधनाच्या हेडला हात सैल ठेव; सणाच्या दिवशी काम करणाऱ्या माणसाला रोजचा दर पुरत नाही.

आता लगेच करायचं काय? फाइल घे, त्यातून एका पानाची टिपणी कर. वर प्रश्न एका वाक्यात, खाली तो कसा मोजणार, त्याखाली तुला काय येतं आणि काय येत नाही. पैशाचा उल्लेख नको. ती घेऊन आधी तुझ्या जुन्या शिक्षकांकडे जा, मग मेडिकल कॉलेजात. सकाळी अकरानंतर जा, ओपीडीच्या गर्दीत नको. दोघांपैकी एकानं तरी "बसा" म्हटलं की मला पुन्हा लिही, अर्थसंकल्पाचा तक्ता आपण मिळून करू. तेवढं एकच मला नीट येतं.

आणि एक राहिलं. दिरांच्या गळ्याचं लिहिलंस, कात्रणांचं लिहिलंस, स्वतःला स्कूटरवाली म्हणवतेस. तुझ्या स्वतःच्या स्कूटरला सळई आहे का, ते कुठेच लिहिलं नाहीस.